पॅडल बोट दिसते खेळण्यासारखी, पण पाणी खेळ नाही! पिकअपवर बांधण्यापासून काठावर परत येईपर्यंत घ्यायची काळजी

उन्हाळ्याची सुट्टी लागली, जत्रा-यात्रा सुरू झाल्या की धरणांच्या काठावर गर्दी वाढते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात किंवा तापोळ्याला शिवसागरात बोटीत बसून आलेली माणसं गावी येऊन म्हणतात, "आपल्याकडंही तलाव आहे की! चार बोटी टाकल्या तर पोरांना रोजगार मिळेल." मग कुठून तरी जुन्या पॅडल बोटी स्वस्तात मिळतात, पिकअपवर टाकून गावात येतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरतात.

कल्पना चांगली आहे. या बोटीला इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. सायकलसारखे पाय मारायचे आणि पुढं जायचं. म्हणूनच तिची भीती कुणाला वाटत नाही, आणि खरा धोका तिथंच आहे. बोट साधी असली तरी तलावाचं पाणी तेवढंच खोल असतं आणि वळवाचा वाराही तेवढाच जोरात येतो.

बोट तरंगते कशावर?

बहुतेक पॅडल बोटी फायबरच्या किंवा जाड प्लास्टिकच्या असतात. खाली दोन्ही बाजूंना पोकळ भाग असतो. त्यातल्या हवेवर बोट तरंगते. काही बोटींत या पोकळीत थर्माकोलसारखा फोम भरलेला असतो. अशी बोट फुटली तरी लगेच तळाला जात नाही. फोम नसेल तर मात्र तळाला गेलेला एक तडाही बोट बुडवायला पुरतो. म्हणून जुनी बोट घेताना आत फोम आहे का, हा पहिला प्रश्न विचारायचा.

मधोमध पाणी मागं ढकलणारं चाक असतं. ते पॅडलनं फिरतं. दिशा बदलायला दोन आसनांच्या मध्ये एक दांडा असतो, त्याला मागचं सुकाणू जोडलेलं असतं. बोट चालत नसेल, नुसती तरंगत असेल, तर सुकाणू फिरवून काही होत नाही. पाय थांबले की बोटीचा ताबा वाऱ्याकडं जातो, हे पहिल्यांदा बसणाऱ्याला कुणी सांगत नाही.

बोट रुंद आणि चपटी असल्यामुळं बसलेल्या माणसांना ती सहसा कलंडू देत नाही. कुणी उभं राहिलं, की वजन वर जातं आणि तोल बिघडतो. एकानं जागा बदलायला पाऊल टाकलं, दुसरा त्याला धरायला त्याच बाजूला झुकला, की बोट त्या अंगाला दबते. सेल्फीसाठी सगळे एका कडेला सरकले तरी तेच होतं. म्हणून नियम एकच: बसायचं आणि उतरायचं ते काठावर. पाण्यात असताना जागेवरून उठायचं नाही.

किती माणसं? आसनं मोजा, वजनही मोजा

चार आसनांची बोट म्हणजे चार माणसं. "लेकरू आहे, मांडीवर बसेल" हे चालत नाही. मांडीवरचं मूल बोट कलली की आधी हातातून सुटतं. मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचं लाइफ जॅकेट पाहिजे.

बोटीवर किती माणसं आणि किती किलो वजन चालतं, याची पट्टी असेल तर तीच प्रमाण. जुन्या बोटीची पट्टी निघून गेली असेल तर बनवणाऱ्याकडून किंवा विकणाऱ्याकडून ते लिहून घ्या आणि रंगानं बोटीवर मोठ्या अक्षरात लिहा. चार दांडगे गडी मिळून ३२० किलोच्या पुढं जातात, तर आई-वडील आणि दोन लहान मुलं २०० किलोच्या आत राहतात. आसनं तेवढीच, पण ओझ्यात शंभर किलोंहून जास्त फरक.

वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं. दोन मोठी माणसं एका बाजूला आणि दोन मुलं दुसऱ्या बाजूला, असं बसवलं की बोट निघतानाच कललेली असते. सगळे बसल्यावर काठावरच्या माणसानं मागून एकदा बघायचं. बोट एका अंगाला किंवा मागच्या बाजूला दबलेली दिसली तर माणसं बदलायची, नाहीतर एक कमी करायचा.

जास्त माणसं बसवली की काय होतं, हे १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात दिसलं. सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बोट उलटून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, असं पुढं आलं. ती बोट पॅडलची नव्हती, पण पाण्याला बोटीचा प्रकार कळत नाही.

रोज सकाळी पाच मिनिटं: बूच, तडा, चाक

बोटीच्या पोकळ भागाला तळाशी किंवा मागं एक बूच असतं. बोट पाण्यात सोडण्याआधी ते घट्ट आहे का बघायचं. संध्याकाळी बोट काठावर ओढून बूच उघडायचं. पाणी निघालं तर कुठंतरी गळती आहे. पेलाभर निघालं तर लक्ष ठेवा, बादलीभर निघालं तर ती बोट दुरुस्त होईपर्यंत बंद.

आत साठलेलं पाणी दुहेरी घात करतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आत ६० लिटर पाणी असेल तर एक न दिसणारा माणूस बोटीत बसलेला आहे. आणि हा माणूस गप्प बसत नाही. बोट डावीकडं कलली की सगळं पाणी डावीकडं धावतं आणि बोट आणखी कलते. काल नीट चाललेली बोट आज अचानक उलटली, तर त्यामागं बऱ्याचदा हेच कारण निघतं.

पुढच्या गोष्टीही रोज बघा:
- तळाला आणि सांध्याला तडा गेलाय का. बोटानं ठोकून बघितलं की फुटलेल्या जागी आवाज बदलतो.
- पॅडलचे नट ढिले झालेत का, चाकात जलपर्णी किंवा जाळ्याचा धागा अडकलाय का.
- सुकाणूचा दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतो का.
- पॅडलजवळ पदर, ओढणी किंवा बुटाची नाडी ओढली जाईल अशी उघडी फट आहे का. असेल तर पत्रा किंवा जाळी लावून झाका. बसणाऱ्या बायकांना पदर खोचायला आणि ओढणी बांधायला सांगा.

लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, आसनाखाली नाही

"मला पोहता येतं" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. विहिरीत पोहणारा माणूस कठड्यापासून दहा हातांवर असतो. तलावाच्या मध्यावर कपड्यानिशी, बुटांसकट, अचानक पडल्यावर काठ दोनशे-तीनशे मीटर लांब असतो. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात पडल्यावर माणूस एकदम मोठा श्वास ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पोहण्याचा प्रश्नच उरत नाही.

माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला फार ताकद लागत नाही. मोठ्या माणसाचं साधारण लाइफ जॅकेट १० किलोच्या आसपास उचल देतं आणि तेवढी पुरते. पण ते अंगाला बसलं पाहिजे. सगळे बक्कल लावून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालायचं नाही. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावायचाच.

फाटलेलं, आतला फोम दबून पापडासारखा झालेलं जॅकेट वापरातून काढा. ते बघणाऱ्याच्या समाधानासाठी असतं, पाण्यात त्याचा उपयोग नाही.

वारा: जाताना ढकलतो, येताना अडवतो

पॅडल बोटीचा वेग माणूस चालतो तेवढाच. त्यात वर छत असेल किंवा पुढं हंसाची उंच मान असेल तर वाऱ्याला धरायला मोठी जागा मिळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात चालणारी बोट २० च्या वाऱ्यात चौपट रेटा सोसते. त्यापुढं पाय कितीही मारले तरी बोट जागची हलत नाही.

आणि फसगत अशी होते. वारा पाठीशी असला की जाताना बोट भुरकन पुढं जाते. बसणाऱ्याला वाटतं, आपल्याला चांगलं जमतंय. परत फिरल्यावर कळतं की आता वारा तोंडावर आहे आणि पाय दमलेत. म्हणून जाणकार आधी वाऱ्याच्या तोंडावर जातात. दमल्यावर परतताना वाराच बोट काठाला आणतो. वारा कळायला काठीला एक चिंधी बांधून काठावर रोवली तरी पुरे. वारा काठाकडून तलावाच्या मध्याकडं जोरात असेल तर बोटी सोडायच्याच नाहीत.

आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून येतं. त्याआधी बऱ्याचदा हवा एकदम पडते आणि मग धुळीसकट वारा सुटतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. इंजिनाच्या बोटीची ही गत, तर पायानं चालणारीची काय होईल?

म्हणून उन्हाळ्यात बोटिंग सकाळी ठेवलेलं बरं. आभाळात काळा ढग उभा दिसला, गडगडाट ऐकू आला की शिट्टी मारून सगळ्या बोटी परत बोलवायच्या. उघड्या पाण्यावर बसलेला माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते, वीज तिथं पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलवर घेतलं तर आसपासच्या विजेची सूचना मिळते. पावसाळ्यात तर बोटी काठावर पालथ्याच असाव्यात.

कुठं जायचं नाही

- सांडवा, दरवाजे आणि कालव्याचं तोंड. वरून पाणी शांत दिसलं तरी खालून ओढ असते. भोंगा वाजला तर थांबून बघायचं नाही, लगेच काठ गाठायचा.
- वाहती नदी आणि कालवा. चालण्याच्या वेगाची बोट प्रवाहाविरुद्ध परत येऊ शकत नाही.
- धरणाच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आणि जुनी घरं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुंधे आणि भिंती पाण्याच्या पातळीखाली वीतभर उरतात आणि बोटीचा तळ फाडतात.
- मच्छीमारांची जाळी. चाकात जाळं अडकलं की बोटही अडकते आणि त्यांचं नुकसानही होतं.
- जलपर्णीचा पट्टा. आत शिरायला सोपं, बाहेर निघायला अवघड.

तलावात किती लांब जायचं याची हद्द दोरीला रिकामे रंगीत कॅन बांधून दाखवा. काठावरच्या माणसाची हाक आणि नजर पोचते, तेवढीच हद्द ठेवा.

बोट उलटली तर?

बोट सोडायची नाही. उलटलेली बोटही बऱ्याचदा तरंगत राहते आणि लांबून दिसते. तिला धरून राहायचं, एकमेकांना धरून ओरडायचं, शिट्टी मारायची. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत सुटणारेच बऱ्याचदा मध्ये दमतात. टोपी, चप्पल, मोबाईल पाण्यात पडला तर त्याच्यामागं वाकायचं नाही, उडी तर नाहीच.

काठावरच्या माणसांनीही भावनेच्या भरात उडी मारायची नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. आधी काठी, बांबू पुढं करा. पोचत नसेल तर दोर बांधलेला रिकामा कॅन फेका. झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा तेलाचा कॅन साधारण ५ किलो उचल देतो, २० लिटरचा कॅन माणसाला सहज धरून ठेवतो. असा एक कॅन आणि ३० मीटर दोर प्रत्येक काठावर टांगलेला असला पाहिजे. खर्च काही शेकड्यांत, उपयोग जिवाचा.

माणूस बाहेर काढल्यावर श्वास चालू आहे का बघा. नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, पालथं घालून किंवा खांद्यावर टाकून फिरवू नका. त्यात जाणारी मिनिटं परत येत नाहीत. उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं ५ वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा दाबा, २ श्वास द्या, पुन्हा ३० वेळा दाबा. दाब मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, मोठ्या माणसात ५ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्यानं तोवर १०८ ला आणि ११२ ला फोन लावायचा. बुडालेल्याला मिठात ठेवलं की जिवंत होतो, असे मेसेज मोबाईलवर फिरतात. ते खोटे आहेत. त्या नादात दवाखान्याचा वेळ जातो.

शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्यायचंच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

बोट गाडीवर नेताना

चार जणांची बोट साधारण ८ ते ९ फूट लांब आणि ५ फुटांच्या आसपास रुंद असते. रिकामी असली तरी वजन बऱ्याचदा १०० किलोच्या पुढं. आधी टेपनं बोट मोजा आणि गाडीचा हौदाही मोजा. छोट्या टेम्पोचा हौदा ७ फुटांच्या आसपास असतो, त्यात ही बोट बसत नाही. मग फाळका उघडा ठेवून, बोट अर्धी बाहेर लटकवून नेली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार हौद्याबाहेर मर्यादेपेक्षा जास्त माल निघाला तर २० हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मागून येणारा दुचाकीवाला. रात्री त्याला ती बाहेर आलेली फायबरची कड दिसत नाही. मोठ्या हौद्याची पिकअप घ्या आणि दिवसाउजेडी न्या.

चढवण्याआधी बूच उघडून आतलं पाणी पूर्ण काढा. सुटी आसनं, छत, हंसाची मान काढता येत असेल तर काढा. गावातल्या लोंबकळत्या विजेच्या तारा आणि उंच मान यांची गाठ पडायला नको. उचलायला निदान सहा जण घ्या. बोट खालच्या कडेला धरून उचलायची. आसन, छत किंवा पॅडल धरून उचललं की तेच मोडतं. मुरुमावरून ओढत नेली की तळाचा गुळगुळीत थर निघतो आणि तिथून फायबर पाणी प्यायला लागतं. खाली पाइपचे तुकडे टाकून सरकवा.

बांधताना ही पद्धत ठेवा:
- हौद्यात जुने टायर किंवा भुश्श्याची पोती टाका, त्यावर बोट सरळ ठेवा. आडवी उभी करू नका.
- दोन पट्टे बोटीवरून आडवे घ्या. शिवाय पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला वेगळा दोर बांधा. ब्रेक मारला की गाडी थांबते, बोट थांबत नाही.
- कडेवर दोर घासतो तिथं ट्यूबचा तुकडा घाला. फायबर दबेपर्यंत आवळू नका, तडा जातो.
- दोर गाडीच्या लोखंडी कड्यांना बांधा, फाळक्याच्या साखळीला नाही.
- नायलॉनचा दोर हादऱ्यानं सैल होतो. पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा.
- बोटीत किंवा हौद्यात पोरं बसवू नका. "धरून बसतो की" म्हणणारा पहिल्या खड्ड्यातच बोटीसकट उडतो.
- चपट्या तळाखाली वारा शिरला की बोट उचलली जाते. ताशी ४० च्या पुढं जाऊ नका, घाटात आणि पुलावर आणखी सावकाश.

उतरवताना गाडी ओल्या गाळात मागं घेऊ नका. चाकामागं दगड लावा आणि उताराच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहू नका.

एका तलावातली बोट दुसऱ्या तलावात सोडण्याआधी ती धुऊन, उन्हात वाळवून घ्या. चाकात अडकलेला जलपर्णीचा एक तुकडा नवा तलाव भरून टाकायला पुरतो. पुढं तो काढायला ग्रामपंचायतीला लाखाच्या घरात खर्च येतो.

परवानगी आणि वही

तलाव कुणाच्या ताब्यात आहे, जलसंपदा, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत, हे आधी तलाठी किंवा ग्रामसेवकाकडून माहीत करून घ्या आणि त्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात इंजिन नसलेल्या बोटींसाठीही वेगळं प्रकरण आहे. त्यामुळं "ही तर पायानं चालते, हिला कसली परवानगी" हे म्हणणं टिकत नाही. तलावात मासेमारी सोसायटीचा ठेका असेल तर त्यांच्याशीही बोला. पाण्याखाली बुंधे कुठं आहेत आणि वारा कधी फिरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

काठावर एक वही ठेवा. किती वाजता कोणती बोट निघाली, किती माणसं बसली, परत कधी आली. संध्याकाळी वहीतल्या बोटी आणि काठावरच्या बोटी जुळल्या की कुलूप लावायचं. पोहता येणारा एक माणूस आणि वल्ह्याची किंवा इंजिनाची एक बोट कायम तयार ठेवायची. तेवढं जमत नसेल तर त्या दिवशी बोटिंग बंद.

गर्दीच्या दिवशी हे सगळं पाळणं जड जातं. रांगेतलं गिऱ्हाईक ओरडतं, "जॅकेट नको, उकडतंय" म्हणतं, पाचव्या माणसाचे पैसे समोर करतं. त्या वेळी काठावरच्या पोराला "नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि मालकानं त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. एक फेरी बुडाली तर पन्नास-शंभर रुपये जातात. बोट बुडाली तर गावात चूल पेटत नाही.